फ्रान्समध्ये लोक खाण्यापिण्याबद्दल खरोखर कसं बोलतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये शिकायला ल्योंला चालले आहे, क्लासात ‘मांजे’ म्हणजे खाणं आणि ‘ब्वार’ म्हणजे पिणं एवढंच शिकवलं, मग तिथल्या मुलांची बोली कळायची कशी, आणि ती मी स्वतः बोलावी का?

मी ल्योंमध्ये दोन वर्षं काढली, एका फ्रेंच मुलासोबत घर वाटून घेऊन. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: निदान दिवाळीपर्यंत बोलू नका. कळायला मात्र पहिल्या दिवसापासून हवी, कारण नाही कळली तर काय होतं ते ऐका.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी रूममेट दार ढकलून आत आला आणि ओरडला, “ज'ए ला दाल!” मी नेमका कुकर लावत होतो. ‘ज'ए’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’ एवढं क्लासात झालेलं. परक्या देशात डाळवाला भेटला म्हणून मी खूश. म्हटलं, “माझ्याकडेही आहे! तूर आहे, मूग आहे.” तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘ज'ए ला दाल’ म्हणजे मला कडकडून भूक लागली आहे. ‘दाल’ म्हणजे खरं तर फरशी, दगडाची लादी. जुन्या बोलीत पन्हळीला तो शब्द लावत आणि तिच्यावरून घशाला. म्हणून ज्याला ‘घ्यायला’ जरा जास्तच आवडतं त्याची ‘दाल आँ पाँत’ असते, म्हणजे घसा उताराचा. ओतलं की गेलंच खाली.

आपल्या पोटात कावळे ओरडतात, तसं त्यांचं पोट घसरत घसरत टाचेपर्यंत जातं. नाहीतर ‘ज'ए ले क्रो’, सुळे बाहेर येतात. थोडीशीच भूक असेल तर पोटात एक ‘छोटीशी पोकळी’ असते. हे शेवटचं कुणासमोरही चालेल, सुळे फक्त मित्रांसमोर.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द, ‘बूफे’. लग्नातल्या बुफेशी गल्लत करू नका, तो शब्द फ्रेंचमध्ये ‘ब्यूफे’ असा उच्चारतात. ‘बूफे’ हे क्रियापद आहे, मूळ अर्थ गाल फुगवणं, आजचा अर्थ खाणं. ‘ला बूफ’ म्हणजे खाणं, जेवण, खायच्या वस्तू, सगळंच. शब्दकोशात बघून तुम्ही ‘हादडणे’ असं लिहून ठेवाल, मीही ठेवलं होतं, पण ते पूर्ण बरोबर नाही. आपण हादडतो तेव्हा भरपूर हादडतो. फ्रेंच मुलं एक सँडविचही ‘बूफे’ करतात. शब्द मापाचा नाही, सलगीचा आहे. आपण आजीला “जेवलात का?” विचारतो, मित्राला “काय हाणलंस?” विचारतो, तसाच फरक. ज्याला ‘व्हू’ (तुम्ही) म्हणता त्याच्यासमोर ‘मांजे’, ज्याला ‘त्यू’ (तू) म्हणता त्याच्यासमोर ‘बूफे’ चालेल. गाडी फार पेट्रोल खात असेल तर तीही ‘बूफे’ करते. ल्योंत जरा तरुण मंडळींत ‘ग्राये’ हेही ऐकाल, अर्थ तोच.

कुणी म्हणालं, “ऑं स फे उन बूफ?” (एकदा जेवूया?), तर लगेच डायरी काढू नका. आपल्याकडचं “या एकदा घरी” जितकं खरं, तितकंच हे खरं. दिवस आणि वेळ ठरली तरच जेवण आहे असं समजा.

याच ‘बूफ’पासून एक शब्द थेट राजकारणात गेला: ‘मालबूफ’, म्हणजे वाईट खाणं, निकस खाणं. 1979 साली स्तेला आणि जोएल द रोने यांच्या पुस्तकाचं हे नाव होतं. शब्द घराघरात पोचला तो मात्र 1999 च्या ऑगस्टमध्ये. युरोपने हार्मोन दिलेलं अमेरिकी गोमांस घ्यायला नकार दिला, म्हणून अमेरिकेने रोकफोर चीजवर जबर आयातकर लावला. रोकफोरसाठी मेंढ्या पाळणारे शेतकरी चिडले आणि शेतकरी नेते जोझे बोव्हे यांच्यासोबत मियो गावात बांधकाम चालू असलेलं मॅकडोनल्ड्स त्यांनी मोडून काढलं. खटला झाला, बोव्हे तुरुंगात गेले आणि ‘मालबूफ’ टीव्हीच्या बातम्यांत आला. सलगीचा शब्द असूनही हा तुम्ही प्राध्यापकासमोर बिनधास्त वापरा.

आता पोट भरल्यावरचा सापळा. रूममेटच्या आजीकडे रविवारी जेवायला गेलो. तिसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा मी ‘माझं पोट भरलंय’चं शब्दशः भाषांतर केलं: “ज स्वी प्लँ.” टेबल हसून कोसळलं. पुरुषाने असं म्हटलं की अर्थ होतो ‘मी तर्र आहे’. तुम्ही तर मुळीच म्हणू नका, कारण स्त्रीलिंगी ‘प्लेन’ हा शब्द गायी-म्हशींसाठी आहे, अर्थ गाभण. त्याऐवजी म्हणा “ज'ए ब्यँ मांजे”, छान जेवले. मित्रांत “ज स्वी काले”, म्हणजे पाचर ठोकून घट्ट झाले. वाढणाऱ्याला नुसतं “मेर्सी” म्हटलं तर तो ‘नको’ असाच अर्थ घेतो आणि पातेलं पुढे जातं. आपल्याकडे तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घ्यायची सवय असते, तिथे पहिल्याच नकोला उपाशी राहाल. मी राहिलो आहे. त्याच आजीने पुढच्या खेपेला मला ‘बॉं कू द फूर्शेत’ आहे असं प्रशस्तिपत्र दिलं, म्हणजे काट्याचा वार चांगला. आपण आडवा हात मारतो, ते काटा मारतात.

पिण्याकडे वळू. आपण दारू ‘पितो’ असं म्हणत नाही, ‘घेतो’ म्हणतो, आणि “आज बसायचं का?” एवढ्यावर सगळं कळतं. तिथेही तसंच. ‘ब्वार अँ कू’ म्हणजे एक फटका पिणं, ‘प्राँद्र अँ व्हेर’ म्हणजे एक ग्लास घेणं, ‘प्राँद्र अँ पो’ म्हणजे एक भांडं घेणं. तुम्ही घेत नसाल तर काळजी नको. ‘व्हेर’ला या म्हणजे आमच्यासोबत बसा. तुम्ही ‘दियाबोलो’ (लिंबाचा सोडा आणि सिरप) घेतलात तरी चालतं. ‘पो’ मात्र नीट समजून घ्या. मी एका प्रयोगशाळेत इंटर्न असताना ‘पो द देपार’ची ईमेल आली, शब्दशः ‘निघण्याचं भांडं’. म्हटलं, भेट म्हणून भांडं द्यायचंय आणि वर्गणी मागतायत. प्रत्यक्षात सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता, वाइन आणि चिप्ससह.

ल्योंत ‘पो’ ही खरीखुरी वस्तूही आहे. जाड बुडाची बाटली, 46 सेंटिलिटरची, हॉटेलात सुटी वाइन तीत देतात. त्या हॉटेलांना तिथे ‘बुशों’ म्हणतात. गावात रोन आणि सोन अशा दोन नद्या आहेत आणि तिसरी बोजोलेची, असं लोक चेष्टेने सांगतात. बोजोले ही शेजारच्या डोंगरांतली वाइन. रेशीम विणणारे कामगार, म्हणजे ‘कान्यू’, पहाटेपासून राबून सकाळीच सॉसेज, आतडी आणि वाइनवर बसत. त्या न्याहारीला ‘माशों’ म्हणतात आणि हौशी मंडळी ती अजून करतात. तुम्ही शाकाहारी असाल तर इथल्या नावांवर अजिबात विश्वास ठेवू नका. ‘कान्यूचा मेंदू’ हा चक्क ताज्या चीजमध्ये कांदा आणि हिरवी पात घालून केलेला प्रकार आहे, खुशाल खा. ‘सैनिकाचा एप्रन’ नाव निरुपद्रवी, पण ताटात गायीच्या पोटाचा तुकडा येतो. ‘वांग्याचं कॅव्हियार’ म्हणजे थंडगार भरीत, फक्त फोडणीशिवाय.

एक गोष्ट मला अजून गंमतीची वाटते. वेटरला द्यायची बक्षिसी म्हणजे ‘पूरब्वार’, शब्दशः ‘प्यायला’. आपलं ‘चहापाण्याला’ हेच. आणि लाच म्हणजे ‘पो द व्हँ’, वाइनचं भांडं. आपल्याकडे चहापाणी या एकाच शब्दात दोन्ही कामं होतात, त्यांनी वेगवेगळी खाती उघडलीत.

कॅफेत ‘अँ दमी’ (एक अर्धा) मागितलं तर पाव लिटर बिअर येते. जुन्या मापावरून राहिलेलं नाव आहे, वाद घालू नका. पातळ कॉफी म्हणजे ‘मोज्यांचा रस’. साधं नळाचं पाणी हवं असेल तर “उन काराफ दो” म्हणा, फुकट मिळतं. त्यालाच विनोदाने ‘शातो ला पाँप’ म्हणतात. महागड्या वाइनच्या बाटलीवर शातो अमुकतमुक असं लिहिलेलं असतं ना, तशी ही ‘पंप’ नावाच्या वाड्यातली. जेवणाआधीची बैठक म्हणजे ‘आपेरो’. तिचा चकणा म्हणजे ‘आम्यूज़-गल’, शब्दशः थोबाड रमवणारा. ‘गल’ म्हणजे जनावराचं तोंड, म्हणून भारी हॉटेलवाले सोवळेपणाने ‘आम्यूज़-बूश’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत असेल तर ‘गल द ब्वा’, लाकडाचं थोबाड. इतकं अचूक वर्णन मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेलं नाही.

साध्या लाल वाइनला ‘पिनार’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या फ्रेंच सैनिकांच्या शिध्यात ती रोज मिळे आणि त्यांच्याच तोंडून शब्द देशभर पसरला. आणि झिंगलेल्या माणसाला ‘बूरे’ म्हणतात, म्हणजे ठासून भरलेला. त्याचाच चावट भाऊ ‘बरे’, म्हणजे लोणी लावलेला. “तो बरे आहे” याचा अर्थ तो बिलकुल बरा नाही. पूर्ण वाक्प्रचार आहे ‘बरे कॉम अँ प्ती ल्यू’: नाँतच्या ल्यू कंपनीचं 1886 पासूनचं लोण्याचं बिस्किट जितकं लोणकट, तितका हा.

शब्द उलटेपालटे करायची त्यांना भारी हौस. पॅरिसच्या खाटकांची एकोणिसाव्या शतकापासूनची एक गुप्त बोली आहे, ‘लूशेबेम’. ‘बूशे’ म्हणजे खाटीक. त्यातला ‘ब’ काढून शेवटी टाकायचा, त्याच्या जागी ‘ल’ बसवायचा आणि मागे एक शेपूट जोडायचं. लहानपणी आपण ‘च’च्या भाषेत ‘कमल’चं ‘चमलक’ करायचो, तीच कृती! गिऱ्हाइकासमोर मांसाच्या दर्जाविषयी मोकळेपणाने बोलता यावं म्हणून ही सोय. त्यातला ‘लूफोक’ (‘फू’ म्हणजे वेडा, त्यावरून) आज कुठल्याही शब्दकोशात ‘विक्षिप्त’ या अर्थाने सापडतो आणि तो खाटकांकडून आलाय हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

तर मूळ प्रश्नाकडे. ‘बॉन आप’, ‘रेस्तो’, ‘आपेरो’, ‘प्ती देज’ (न्याहारी) ही नुसती आखूड केलेली रूपं आहेत, विमानतळावरून वापरा. ‘बूफे’ आणि ‘दाल’ आधी कुणीतरी तुमच्यासमोर वापरू द्या, मग तुम्ही. थोबाड, सुळे, ‘बूरे’ वगैरे फक्त ऐका. परक्या उच्चारात शिवराळ शब्द जास्तच बोचतो. पुण्यात एखादा फ्रेंच माणूस पहिल्या भेटीत तुम्हाला “काय गिळलंत?” म्हणाला तर कसं वाटेल ते बघा. बिलाला ‘ला दूलूरज़’, म्हणजे दुखरी, म्हणतात. ते मी एकदा वेटरलाच म्हणालो. त्याने गंभीरपणे माझं दुखतंय कुठे असं विचारलं. थट्टा होती की नाही, अजून ठरवू शकलेलो नाही.

बॅगेत कुकर मात्र टाका. तूरडाळीचं ओझं नको, ती गियोतिएर भागातल्या आशियाई दुकानांत मिळते.