कादंबरीवर पहिला प्रकल्प देताना

सर, नववीसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निवडलीत, फार छान! पहिल्या वर्षी एकच प्रकल्प द्या, तोही नीट होऊ द्या. मी गावाचा नकाशा सुचवेन. चौघांच्या गटाने शाळा, तालीम, धनगरांची घरं कागदावर मांडायची आणि प्रत्येक जागेशेजारी पान क्रमांक लिहायचा. त्यासाठी मुलं पुस्तक पुन्हा उघडतात, कोणतं घर कुठे यावर भांडतात, आणि तालीम उभारायला गाव कसं एकत्र आलं यावर आपोआप बोलू लागतात. हे बोलणं मनसोक्त होऊ द्या, तास संपला तरी चालेल.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- वाचून व्हायच्या आधीच विषय वाटणं.
- चित्र सुंदर म्हणून गुण देणं. मजकुरातला आधार तपासा.
- सगळ्या वर्गाचं नाटक बसवणं. पाच जण बोलतात, बाकीचे बघत बसतात.

पुढे पत्र लिहून घ्यायचं झालं, तर ते कादंबरीतल्या मास्तरांचं नको. गोष्ट तेच सांगतात, मुलं सरळ उतरवून काढतील. गावातलं दुसरं पात्र, म्हणजे आयबू किंवा अंजी, दुष्काळाबद्दल काय लिहील, हे विचारा. नाट्यीकरण, ध्वनिफीत वगैरे पुढच्या वर्षी बघू. नकाशा झाला की वर्गात लावा आणि कळवा.