पुरात बुडालेली मोटर ‘चालू करून बघू’ नका

२०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण. पाणी ओसरलं की दरवेळी हेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळ्यांची उत्तरं देतो.

आईची पायाची शिलाई मशीन दोन दिवस पाण्यात होती. भंगारात घालू?

अजिबात नको. स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, कोरडी करा, सांधे रॉकेलने पुसून मशीनचं तेल सोडा. चाक अडलं तर जोर न करता मशीनवाल्याला दाखवा.

मोबाईल तांदळात ठेवला तर?

तांदळाने आतला गाळ निघत नाही. बंद ठेवा आणि आजच दुरुस्तीला न्या.

विहिरीवरची मोनोब्लॉक मोटर तीन दिवस उन्हात ठेवली. वरून कोरडी दिसते. चालू करून बघू का? शेजारी म्हणतात, चालली तर चालली.

नाही! चांगल्या मोटरी पुराने कमी आणि या ‘बघू’ने जास्त जळाल्यात. वरचं बीड (ओतीव लोखंड) तापतं, पण वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारांच्या गुंडाळीच्या, खाचांतला गाळ ओलाच राहतो. स्विच दाबलात की वाइंडिंग जळतं, किंवा बॉडीला करंट येऊन माणूस चिकटतो. मोटर खोलायची, गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा, मग बल्बच्या मंद उष्णतेवर वाळवायची. बेअरिंग नवीनच घाला. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (करंट बॉडीत गळतो का ते मोजणारं मीटर) वाइंडिंग आणि बॉडीमधलं रीडिंग घ्यायचं. वाळवताना ते आधी उतरतं, मग चढतं. त्यामुळे एका रीडिंगवर विसंबू नका. थंड मोटरीला एक मेगओहमही मिळत नसेल, तर ती लाइनला लावायची नाही. मेगर घरात नसतो, म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडेच न्या, आणि लगेच न्या. महिनाभर गोठ्यात पडलेल्या मोटरीचं शेवटी सगळं वाइंडिंगच बदलावं लागतं.

दुकानदार म्हणतो, बुडालेल्या एमसीबीला (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) स्प्रे मारून देतो, नवीन नको.

त्याचा स्प्रे खपतो, धोका तुमच्या घरात राहतो. एमसीबी, ईएलसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) खोलून साफ करायच्या वस्तू नाहीत. आत गाळ बसला तर ऐनवेळी ती पडणार नाही. नवीनच बसवा, आणि बोर्ड, अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

वीज येईपर्यंत जनरेटरची वायर घरातल्या प्लगला जोडली तर चालेल?

नाही. तो करंट उलटा लाइनवर जातो आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडलं जातं. जनरेटर खिडकी-दारापासून लांब, उघड्यावर ठेवा. पाऊस लागतो म्हणून पडवीत घेऊ नका, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.