वाचक विचारतात : पाटाचा इतिहासकार

प्रश्न : कार्लो कात्तानेओ या इटालियन इतिहासकाराने पाटपाण्यावर लिहिलं, असं वाचलं. इतिहासकाराचं पाटाशी काय काम? आम्हा धानवाल्यांना त्यात घेण्यासारखं काही आहे का? (एक वाचक, साकोली तालुका, जि. भंडारा)

उत्तर : आहे, आणि बरंच आहे. कात्तानेओ (१८०१–१८६९) मिलानचा. शिक्षण कायद्याचं, पेशा आधी मास्तरकीचा, पुढे १८३९ पासून 'इल पोलितेक्निको' या नियतकालिकाचा संपादक. १८४८ च्या मार्चमध्ये मिलान ऑस्ट्रियाविरुद्ध पाच दिवस लढलं, तेव्हा तो युद्धसमितीत होता. ऑस्ट्रियाने शहर परत घेतल्यावर तो स्वित्झर्लंडात लुगानोजवळ राहिला. पुढे इटलीच्या संसदेवर निवडून आला, पण राजाशी एकनिष्ठतेची शपथ घेणं त्याला मान्य नव्हतं. म्हणून सभागृहात बसलाच नाही.

त्याचं म्हणणं असं, की लोम्बार्दीची (मिलानभोवतालच्या प्रांताची) जमीन दहात नऊ हिस्से निसर्गाची नाही, माणसाच्या हातची आहे. तिथलं 'मार्चिता' कुरण पाहा. झऱ्याच्या तोंडाशी खड्डा खणून त्यात बिनबुडाची लाकडी पिंपं रोवतात. त्यातून वर येणारं पाणी हिवाळ्यातही साधारण १० अंशांवर असतं. वरंब्याच्या माथ्यावरच्या चारीतून ते दोन्ही उतारांवर पातळ थराने वाहत ठेवतात आणि खालच्या चरातून काढून देतात. बाहेर बर्फ असला तरी गवत वाढतं. उतार चुकला, पाणी थबकलं, की गोठतं आणि गवत जातं. सगळी मेहनत त्या उतारात आहे.

पण ते पाणी मधल्या शेतातून आणायचं कसं? मिलानच्या जुन्या कायद्याने मोबदला देऊन दुसऱ्याच्या जमिनीतून पाट नेण्याचा हक्क दिला होता. कात्तानेओला तो फार मोलाचा वाटे, आणि आम्हालाही वाटतो. एका धुऱ्यावरचा नकार पाटाखालच्या सगळ्या बांध्या कोरड्या ठेवू शकतो.

आपल्याकडेही ही सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४९. शेजारी ऐकत नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करा. सातबारा, दोन्ही गटांचा नकाशा, पाणी कुठून कुठे न्यायचं त्याची रेघ आणि पाणी घेण्याच्या हक्काचा कागद जोडा. मार्ग शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल असाच दाखवा. पाइप असेल तर तो किमान अर्धा मीटर खोल पुरावा लागतो. अर्जाआधी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी पाहून घ्या. पाट मंजूर झाला आणि पाणी चढणीला लागलं, तर मोबदलाही गेला आणि रोवणीही.