गाडी रुतली तर काय काय जवळ हवं?

प्रश्न: नुकतीच फोर बाय फोर घेतलीय, कच्च्या रस्त्यांवर फिरायचंय. विंच (गाडीला बसवायचं, दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लगेच बसवून घेऊ का?

उत्तर: अहो थांबा, विंच नंतर बघू! आधी टायर प्रेशर गेज आणि छोटा कंप्रेसर घ्या, कारण वाळूत निम्म्या वेळा नुसती हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की गाडी आपोआप निघते, टायर चपटा होऊन जमिनीला जास्त टेकतो ना. मात्र परत डांबरीवर आलात की हवा भरायची, नाहीतर टायरची वाट लागते. मग एक फावडं आणि ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या खडबडीत फळ्यांची) जोडी. एकटे जाणार असाल तर हे हवंच, कारण दोरी कितीही भारी असली तरी ओढायला दुसरी गाडी कुठून आणणार?

दोरी घेताना कायनेटिक घ्या, ती ३० टक्क्यांपर्यंत ताणते म्हणून झटका बसत नाही, आणि तिची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट हवी. सोबत दोन सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोरी गाडीला जोडायची दोरीचीच कडी.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, दोरी टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीच अडकवू नका. तो गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो, माणसं मेलीयत त्याने. रेटेड रिकव्हरी पॉइंट, म्हणजे गाडी ओढून काढायचा भार पेलेल अशी जोडणीची जागा, आहे का ते घरीच गाडीखाली वाकून बघा, चिखलात झोपून नाही. बारीक हुक दिसला तर तो बहुतेक ट्रकवर गाडी बांधायचा असतो, त्याला हात लावू नका. दोरी ताणली की बघ्यांना लांब पिटाळा, दोरीच्या दीडपट अंतरावर तरी.