हॉलमधली शीव

प्रिय ईरा,

"दादाही पुण्याचा, हॉलही पुण्यात, मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन कुठल्या सीमेवरचं?" असं विचारून तू मावशीची विकेट काढलीस म्हणे. अगं, पूर्वी वऱ्हाड दुसऱ्या गावाहून यायचं. मुलीचे आईवडील शिवेवर सामोरे जायचे, नवरदेवाचे पाय धुऊन, पूजा करून त्याला गावात आणायचे. शहरात शीव बुजली, पूजा तेवढी हॉलमध्ये आली.

पण शिवेला एवढा मान का, हे स्कॉटलंडमधल्या सेल्कर्कच्या पोरीला सांगायला नको. जूनमध्ये शेकडो घोडेस्वार सकाळीच निघतात ना, ते मुळात गावाची शीव बघायला. गायरान गावाचं, आणि शेजारच्या जमीनदारांचा त्यावर डोळा. कागदावर भरवसा ठेवून भागत नसे. स्वतः फिरून बघायचं, कुणी हद्द सरकवली का. १५४१ मध्ये गावचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, जॉन मुथाग याच जमिनीची बाजू मांडायला एडिंबराला निघाला आणि वाटेतच त्याचा खून झाला. बांधावरून मुडदे पडणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही!

त्याआधी १५१३ ची स्कॉटलंड-इंग्लंडमधली फ्लॉडनची लढाई. गावातून ऐंशी जण गेले, परतला एकटा फ्लेचर, इंग्रजांचं निशाण घेऊन, असं सांगतात. आकडा दंतकथेतला असेल. पण स्वार परतल्यावर बाजारचौकात बँडच्या तालावर निशाण फिरवतात, शेवटी खाली झुकवतात आणि एवढी गर्दी एकदम गप्प होते, तेव्हा खरं-खोटं करावंसं वाटत नाही. फ्लेचरचा पुतळा मात्र १९१३ चा, म्हणजे लढाईनंतर तब्बल चारशे वर्षांनी उभारलेला.

पुढे गाव जोडे शिवणाऱ्यांचं म्हणून ओळखलं गेलं, मग एट्रिक नदीकाठच्या लोकरी गिरण्यांचं. त्यातल्या बहुतेक आता बंद.

आपल्याकडे घोडे नव्हते, पण शिवेचे तंटे होतेच. शीव कुठून कुठे जाते हे दाखवायचं काम महार वतनदारांचं. वाद पेटला की त्यांच्या साक्षीला वजन असे. आणि ज्यांच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्यांनाच गावाने कुसाबाहेर ठेवलं होतं. मांडवात हे तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

बाकी, जावयाला पोशाख काय केला ते कळव. मावशी मला पत्ता लागू देणार नाही.

तुझी,
आई