महाविद्यालयातून विद्यार्थी काही न शिकता बाहेर पडला, तर जबाबदारी शिक्षकाची की विद्यार्थ्याची?

आपण प्रश्नाखाली लिहिले आहे की आपल्या महाविद्यालयात शिक्षक मुलांकडे बोट दाखवतात, मुले शिक्षकांकडे, आणि दोघांची मिळून अशी काही जबाबदारी असते का, नियम काय सांगतात, हे कोणी सांगत नाही. मी एका तालुक्याच्या गावातील अनुदानित महाविद्यालयात ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला प्रयोगशाळेतील एका बिघडलेल्या स्टॉपवॉचमुळे मिळाले, म्हणून ती हकिगतच सांगतो.

२००६-०७ चे वर्ष होते. प्रथम वर्ष विज्ञानाच्या बॅचला बार पेंड्युलमने (छिद्रे असलेला धातूचा दांडा टांगून, झुलवून) गुरुत्वत्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढण्याचा प्रयोग होता. ज्यांनी तो केला आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागते : एकेका छिद्रातून दांडा टांगायचा, वीस आंदोलनांचा, म्हणजे झोक्यांचा, वेळ मोजायचा, पुन्हा मोजायचा, पुढच्या छिद्राकडे जायचे आणि शेवटी आलेखावरून उत्तर काढायचे. पुस्तकातले उत्तर ९.८१. एका विद्यार्थिनीचे उत्तर १०.२ आले. मी तिच्या जर्नलवर, म्हणजे प्रयोगवहीवर, लाल शाईने ‘पुन्हा करा’ असे लिहिले. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा केले आणि पुन्हा १०.२ आले. मी तिला आंदोलने नीट मोजत जा म्हणून सर्वांदेखत सुनावले आणि दुसऱ्यांदा तोच शेरा मारला. तिसऱ्या खेपेला उत्तर ९.८१ आले. मी सही केली आणि शेजारी ‘छान’ असे लिहिले.

सत्राच्या शेवटी उपकरणे कपाटात लावताना आमचे प्रयोगशाळा परिचर सहज म्हणाले, “सर, तीन नंबरच्या टेबलावरचं घड्याळ मागं पडतं की. दिवाळीपासून सांगीन सांगीन म्हणतोय.” त्या मुलीने प्रयोग केला होता तो याच टेबलावर. मी ते स्टॉपवॉच माझ्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिले. मिनिटाला सुमारे सव्वा सेकंद मागे पडत होते. वीस आंदोलनांना साधारण बत्तीस सेकंद लागतात. तेवढ्यात हा फरक पाऊण सेकंदालाही भरत नाही, त्यामुळे डोळ्यांना तो दिसणे शक्य नव्हते. परंतु सूत्रात आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग छेदात असतो. वेळेतील दोन टक्क्यांची घट उत्तरात चार टक्क्यांची वाढ होऊन येते, आणि आपल्या भागातील खऱ्या ९.७८ चे बरोबर १०.२ होतात. मुलीने चोख मोजले होते. तिने एकोणीसच आंदोलनांचा वेळ वीसचा म्हणून धरला असता तर उत्तर १०.८ च्या आसपास गेले असते, आणि दोन्ही आठवड्यांत तंतोतंत तेच आले नसते. एकच चूक दोनदा एकाच बाजूला होत असेल तर उपकरण तपासावे, हे मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहून शिकवत असे.

मग मी त्या टेबलावर काम केलेल्या उरलेल्या विद्यार्थ्यांची जर्नल काढून पाहिली. ९.८०, ९.८१, ९.८१, ९.७९. तेच घड्याळ, तोच दांडा, आणि प्रत्येकाचे उत्तर पुस्तकाबरहुकूम. म्हणजे त्या टेबलावर त्या सत्रात दोनदाच खरे मोजमाप झाले होते आणि ती दोन्ही मोजमापे मीच नाकारली होती. आणखी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती मला अजून बोचते. आपल्या भागात, सुमारे १८ अंश अक्षांशावर, गुरुत्वत्वरणाचे खरे मूल्य ९.७८ च्या जवळ असते. प्रमाण म्हणून धरलेले ९.८०६६५ हे मूल्य साधारण ४५ अंश अक्षांशाचे आहे. आमची मुले वर्षानुवर्षे आपल्या गावाचे म्हणून जे गुरुत्वत्वरण लिहीत होती ते आपल्या गावात नव्हतेच, आणि मी त्यावर सह्या करत होतो.

त्या मुलीला मी बोलावून घेतले आणि घड्याळाचे सांगितले. ती म्हणाली, “सर, तिसऱ्या वेळी मी पेंड्युलम हलवलाच नाही. उत्तरावरून मागे येत रीडिंग लिहिली. सगळे तसंच करतात.” तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

हे मी विभागाच्या बैठकीत मांडले. तेथे आमच्या विभागप्रमुखांशी जो वाद सुरू झाला तो ते निवृत्त होईपर्यंत मिटला नाही. त्यांचे म्हणणे असे की मुले मुळातच कामचुकार. महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचे जर्नल मिळते, ते उतरवले की झाले. आणि आपण अशा गोष्टी जाहीरपणे कबूल केल्या तर उद्या प्रत्येक जण घड्याळाचे निमित्त सांगेल. मी म्हणालो की खरे रीडिंग आणणाऱ्याला आपण परत पाठवतो आणि बनावट आणणाऱ्याला शाबासकी देतो, तेव्हा तो कामचुकारपणा आपणच शिकवलेला असतो. त्यावर ते म्हणाले, “जबाबदारी दोघांत वाटली की ती कुणाचीच राहत नाही.” त्या दिवशी मला हे वाक्य निव्वळ पळवाट वाटले होते. आज ते अर्धे खरे वाटते. नुसते ‘आपण सारे मिळून’ असे म्हणून काहीही होत नाही. कोणी कोणत्या दिवशी कशावर सही करायची, एवढे ठरले तरच त्याला जबाबदारी म्हणता येते.

म्हणून पुढच्या वर्षी मी माझ्या बॅचपुरते तसे ठरवले. रीडिंग कच्च्या वहीत पेनानेच लिहायची, खोडायची नाहीत, आणि टेबल सोडण्यापूर्वी त्यावर माझी सही घ्यायची. उत्तराला गुण नाहीत. उत्तर का चुकले असावे याच्या लेखी कारणाला गुण. ही माझी बाजू झाली. विद्यार्थ्यांची बाजू अशी की प्रयोग सुरू करण्यापूर्वी उपकरण तपासायचे, दोष आढळला तर टेबलावरच्या वहीत तारीख घालून नोंदवायचा, आणि आपले जर्नल कोणाला उतरवायला द्यायचे नाही. विद्यार्थी आनंदित झाले असतील असे आपल्याला वाटत असेल, तर तसे झाले नाही. दोनच महिन्यांत काही जण प्राचार्यांकडे गेले आणि इतर बॅचची जर्नल पूर्ण झाली असताना सर आमची अडवून ठेवतात, अशी तक्रार करून आले. त्यांचेही खोटे नव्हते, कारण विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला जर्नल पूर्ण असल्याचा दाखला लागे आणि बाहेरून आलेले परीक्षक आत काय लिहिले आहे ते क्वचितच पाहत. परंतु त्या वर्षी दोषांच्या वहीत सतरा नोंदी झाल्या. त्यांतील अकरा खऱ्या निघाल्या. त्या आधीच्या सगळ्या वर्षांत अशी एकही नोंद माझ्यापर्यंत आली नव्हती, आणि मी त्याचा अर्थ प्रयोगशाळा उत्तम चालली आहे असा घेत होतो.

नियमांबद्दल आपण विचारले आहे, ते थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार वर्षात ३० आठवडे, आठवड्याला किमान ४० तासांचा असतो. त्यांपैकी सहायक प्राध्यापकाने १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे आणि रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावे, अशी अपेक्षा आहे. त्याच नियमावलीतील आचारसंहितेत तासिकेबाहेरही विद्यार्थ्यांना कोणताही मोबदला न घेता मार्गदर्शन करावे असे लिहिले आहे. आपले सर तास संपताच निघून जात असतील तर हे त्यांना नम्रपणे दाखवण्याचा आपल्याला अधिकार आहे. मात्र विद्यार्थ्यांच्या वाट्याला व्यवहारात उपस्थितीची टक्केवारी एवढेच येते, आणि ७५ टक्के हजेरी म्हणजे शिकण्याची जबाबदारी पार पाडणे नव्हे. आमच्याकडे शंभर टक्के हजेरी असलेले आणि तिन्ही वर्षे दुसऱ्याचे जर्नल उतरवलेले विद्यार्थी होते.

विद्यार्थ्यांना जे अप्रिय वाटेल तेही लिहितो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनासाठी वर्षाअखेरीस शिक्षकांविषयीचे अभिप्राय भरून घेतले जातात. मी ते गठ्ठे हाताळलेले आहेत. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत एका उभ्या रेषेत ‘उत्तम’, आणि तेही ज्या शिक्षकांनी सत्रात पाच-सहा तासच घेतले त्यांनासुद्धा. विचारले तर सांगतात की नाव कळले तर अंतर्गत गुण कापतील. ही भीती काही ठिकाणी खरी आहे. परंतु जो वर्षभर कट्ट्यावर शिक्षकांच्या नावाने बोटे मोडतो आणि एकमेव विचारणेला असे उत्तर देतो, त्याने दुसऱ्या वर्षी तक्रार कोणत्या तोंडाने करावी? आणि ते गठ्ठे न वाचता त्यांवरून आलेख काढून अहवालाला जोडणारे आम्ही होतोच. तेही उत्तरावरून मागे येत लिहिलेले रीडिंगच.

हे सर्व मी पगाराची चिंता नसलेल्या, कायम नेमणुकीच्या शिक्षकाच्या जागेवरून लिहिले आहे हे ध्यानात घ्यावे. तासिका तत्त्वावर नेमलेला, दोन महाविद्यालयांत धावणारा तरुण शिक्षक रोज वीस कच्च्या वह्यांवर सही करू शकेल असे मी म्हणणार नाही; त्याला दोष देण्यापूर्वी पदे रिक्त कोणी ठेवली ते विचारावे. सकाळी दुकानात काम करून वर्गात येणाऱ्या मुलालाही माझे नियम जाचक वाटतील. शिवाय माझा अनुभव प्रयोगशाळेचा आहे. वाणिज्य किंवा कला शाखेत उत्तर तपासण्यासाठी स्टॉपवॉच नसते.

आपण विज्ञान शाखेचे असाल तर पुढच्या प्रात्यक्षिकाला टेबलावरचे घड्याळ आधी मोबाइलशी एक मिनिट ताडून पाहावे आणि फरक असेल तर तो वहीत लिहून सरांची सही मागावी. ते वैतागतील. आमचे विभागप्रमुखही वैतागले होते, आणि ते घड्याळ त्यांनी आणखी दोन वर्षे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे महाविद्यालयाच्या साहित्याच्या नोंदवहीत, ‘चालू स्थितीत’ म्हणून दाखवले होते.