ऑनलाइन चाचणीत माझी भावनिक बुद्धिमत्ता कमी आली. ती नेमकी कशाकशावर अवलंबून असते?

तुम्ही लिहिलंय की दापोलीला कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, होस्टेलवर राहता, मोबाईलवर एक चाचणी दिली आणि तिनं तुम्हाला 'सरासरीपेक्षा कमी' ठरवलं. घरचे आधीपासून म्हणतातच, 'तुला माणसं कळत नाहीत.' मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, तेव्हा आधी त्या आकड्याबद्दल बोलते.

'मला माझ्या भावना ओळखता येतात', 'मी दुसऱ्याला धीर देऊ शकतो' अशी वाक्यं होती ना, आणि प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे? मग त्या चाचणीनं तुम्हाला काय येतं ते मोजलंच नाही. तुमचं स्वतःबद्दल काय मत आहे तेवढं मोजलं. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर क्षमता होती: चेहऱ्यावरची भावना ओळखणं, तिचा विचारासाठी उपयोग करणं, ती हाताळणं. ती कशातून येते आणि कशात बदलते ते समजणं त्यांनी १९९७ मध्ये त्यात जोडलं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकानं हा शब्द घरोघरी पोचवला आणि मग त्यात उत्साह, चिकाटी, नेतृत्व असं बरंच काही भरलं गेलं. आज दोन जातींच्या चाचण्या आहेत. एकीत सोडवायचे प्रश्न असतात, दुसरीत स्वतःबद्दलची विधानं. एकाच माणसाला दोन्ही दिल्या तर गुण फारच थोडे जुळतात. पेट्रिडिस आणि फर्नहॅम या संशोधकांनी तर दुसऱ्या जातीत जे मोजलं जातं त्याला सरळ स्वभावाचा भाग मानलं, आणि मला ते पटतं.

म्हणून 'कशावर अवलंबून' याची उत्तरं दोन. विधानांच्या चाचणीतले गुण आत्मसन्मान, बोलका स्वभाव आणि 'मला जमेल' हा विश्वास यांच्याबरोबर वर जातात. चिंता, उदासी, एकटेपणा यांच्याबरोबर खाली येतात. विषय राहिलाय, चार रात्री झोप नाही आणि बाहेर जुलैचा पाऊस थांबत नाही, अशा आठवड्यात ती चाचणी दिली असेल तर आकडा खाली येणारच. लहानपणी रडल्यावर घरात कोणी जवळ घेतलं की गप्प केलं, यालाही वजन आहे. पण यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे बहुतेक अभ्यासांतून कळत नाही, कारण विद्यार्थ्यांना वर्गात बसवून सगळ्या प्रश्नावल्या एकदमच भरून घेतलेल्या असतात. उदास मुलाला भावना हाताळता येईनाशा होतात, की हाताळता न आल्यामुळे तो उदास होतो? बहुधा दोन्ही.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडतो तो भावनेला नाव देता येतं का, यानं. परीक्षेच्या दिवसांत मुलं येतात ती 'मॅडम, डोकं जड आहे', 'पोट ठीक नाही' म्हणत. भीती वाटतेय, अपमान झालाय, घरची आठवण येतेय, हे बाहेर पडायला अर्धा तास जातो. मानसशास्त्रात याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात; सिफनिओस यांनी १९७० च्या दशकात हा शब्द आणला. हा रोग नव्हे, कमी-जास्त प्रमाणात असणारी गोष्ट आहे: भावना ओळखता न येणं, सांगता न येणं आणि लक्ष सतत बाहेरच्या घडामोडींकडेच असणं. ती जास्त असलेल्यांची भावनिक बुद्धिमत्ता कमी दिसते, हे पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. उलट, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव द्यायला सांगितलं तरी मेंदूतल्या अमिग्डालाची (भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची) खळबळ कमी होते, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं. आपल्याकडे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात ते आठवा. कोण, कुठला, कसली अडचण, काय मागणं, सगळं मोठ्यानं आणि तपशिलात. देवाला इतकं नीट सांगणारी आपली माणसं मुंबईतल्या बापाशी फोनवर मोहोर, फवारणी आणि पेटीचा भाव याच्या पलीकडे जात नाहीत.

दुसरी गोष्ट दाबण्याची. 'भावनांवर ताबा' म्हणजे तोंड मिटून बसणं, असा समज आहे. ग्रॉस आणि जॉन यांनी २००३ मध्ये दोन सवयींची तुलना केली: आलेली भावना चेहऱ्यावर न दिसू देणं, आणि प्रसंगाकडे पाहण्याची नजरच बदलणं. नजर बदलणाऱ्यांचे संबंध बरे आणि मनःस्थिती चांगली आढळली, दाबणाऱ्यांचं उलटं. व्हायवात सरांनी सगळ्यांसमोर झापलं तर रात्रभर हसतमुख राहणं ही पहिली सवय. 'दुपारपासून ते प्रत्येकालाच झापत होते' हे लक्षात घेणं ही दुसरी. तरी एक पाश्चात्त्य निष्कर्ष उचलून सगळीकडे लावू नये. आशियाई मूल्यं मानणाऱ्यांत दाबण्याचे तोटे कमी दिसतात, असंही पुढे आढळलं. वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहणं हा आपल्याकडे कधी कधी शहाणपणाच असतो. मात्र दाबलेलं सगळं खवचट बोलण्यातून बाहेर काढायचं, ही आपली कोकणी खोड यात धरू नका. ऐकणाऱ्याला ते लागतंच.

गुणपत्रिकेवर परिणाम? आहे, पण थोडा. मॅकॅन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४२,००० हून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण) साधारण ०.२० निघाला. गुणांमधल्या फरकाचा जेमतेम ४ टक्के भाग. तुम्ही दिलीत तसल्या चाचण्यांचा त्याहूनही कमी, ०.१२. नोकरीच्या जाहिरातींत या शब्दाचा जो गाजावाजा चालतो, त्याच्या मानानं हे फारच कमी आहे.

हे शिकता येतं. प्रशिक्षणानं मध्यम प्रमाणात वाढ होते, असं २०१८-१९ मधल्या एकत्रित विश्लेषणांत दिसतं. पैसे भरून वर्कशॉपला जायची गरज नाही. रात्री दोन ओळी लिहा: काय झालं, आणि तेव्हा नेमकं काय वाटलं. 'बोअर झालं' आणि 'टेन्शन आलं' हे दोन शब्द वापरायचे नाहीत, एवढी अट. मन दोन आठवड्यांहून जास्त उतरलेलं असेल तर मात्र चाचण्या बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

राहिलं घरच्यांचं वाक्य. दुसऱ्याचं मन ओळखणं आणि स्वतःचं ओळखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एकात कच्चा माणूस दुसऱ्यात पक्का असू शकतो. शिवाय 'माणसं कळत नाहीत' याचा अर्थ बऱ्याचदा 'पाहुणे आले की तू आतल्या खोलीत जाऊन बसतोस' इतकाच निघतो. गणपतीला घरी जाल तेव्हा आईला विचारा, कुठल्या वेळी असं वाटलं? तिनं दोन-तीन प्रसंग नावानिशी सांगितले तर त्यावर काही करता येईल.